चाळीस मिनिटं

३ मार्च

वर काय लिहावं ते सुचेना, म्हणून तेवढी जागा मोकळी सोडली आहे. तुम्हाला योग्य वाटेल ते तिथे वाचा.

पत्ता तुमच्या बहिणीने दिला. सहज नाही दिला. एकोणीस वर्षांत तुम्ही तिला माझ्याबद्दल एकदाही विचारलं नाहीत, असं ती म्हणाली. पण मी कारण सांगितल्यावर तिने फोनवर सावकाश, दोनदा पत्ता सांगितला. तिच्यावर रागावू नका.

कारण असं आहे. आपला औषधवाला आमच्या वॉर्डात आला आहे.

मी आता नर्स आहे. तुम्ही गेलात त्याच्या पुढच्या वर्षी शिकायला बसले. वर्गातल्या मुली माझ्याहून बारा-बारा वर्षांनी लहान, मला 'मावशी' म्हणायच्या आणि परीक्षेत माझ्या वहीतलं बघून लिहायच्या. हे धर्मभगिनींचं छोटं रुग्णालय आहे. इथे बरं व्हायला कुणी येत नाही. बारा कॉट आहेत, आणि त्यांवरच्या माणसांना शेवटचे दिवस दुखू न देणं एवढंच आमचं काम. कॉट सातवर एक निवृत्त पोस्टमन आहेत. रोज सकाळी डोळे उघडले की विचारतात, "मेलो का गं?" मी म्हणते, "अजून नाही." मग म्हणतात, "तर मग चहा आण."

औषधवाला कॉट आठवर आहे. पोटातला कॅन्सर, फार तर तीन आठवडे. कागदावरचं नाव वाचलं तेव्हा वाटलं, या नावाची माणसं काय कमी आहेत. मग त्याने पाण्याचा पेला हातात घेऊन त्यावर बोटाने दोनदा टकटक केलं. बाटली देताना तो झाकणावर करायचा ना, तसं. त्याने मला ओळखलं नाही. केस पांढरे झालेत, चष्मा लागला आहे आणि अंगही सुटलं आहे. इथे मी नुसती 'सिस्टर'.

तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी माझ्या बाजूने एकदा लिहिते. कोर्टात मला विचारलं तेवढंच बोलायचं होतं, आणि घरात तर तेवढंही नाही.

आपल्या मुंगीला ताप होता. दोन रात्री मी जागी होते. तिसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही त्याच्या दुकानातून औषधाची बाटली आणलीत. दर चार तासांनी एक चमचा, रात्री आठनंतर नाही. चार वाजता मी पहिला चमचा दिला आणि ती झोपली. पोर शांत झोपली म्हणून आपल्याला केवढं बरं वाटलं होतं. पहाटे ती उठलीच नाही. पाच वर्षं आणि दोन महिन्यांची होती. तपासणीसाठी तिला चिरायला तुम्ही नको म्हणालात, मीही नको म्हणाले.

कोर्टात तो म्हणाला की औषध बरोबर होतं, आईनेच जास्त पाजलं असणार. बाटलीत औषध असायला हवं त्याहून कमी होतं. वकिलाने विचारलं, किती चमचे दिले? मी म्हटलं, दोन. मग म्हटलं, बहुतेक तीन. झोपेने माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि बाटली तर तीन म्हणत होती. न्यायाधीशांनी मला सोडून दिलं. आईला याहून मोठी शिक्षा कोणती, असं म्हणाले. लोक म्हणाले, किती दयाळू माणूस. पण सोडलं म्हणजे तिने केलं होतं, एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहिलं. माझ्याही.

महिन्याभराने तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारलंत, "खरं सांग, किती दिलेस?" मी म्हटलं, "आठवत नाही." चार दिवसांनी तुम्ही बॅग घेऊन गेलात.

मी तुम्हाला कधी दोष दिला नाही. दर वर्षी फादरांपुढे गुडघे टेकून एकच पाप सांगत आले: मी माझ्या मुलीला मारलं. ते दर वेळी क्षमा उच्चारायचे आणि मी दर वेळी ती तिथेच ठेवून परत यायचे. मला नरकाची भीती नव्हती. भीती होती ती स्वर्गाची, कारण मुंगी तिथे आहे आणि तिने विचारलं तर काय सांगायचं.

आता पत्राचं कारण. काल दुपारी औषधवाला झोपेत बोलला. "तिचा दोष नव्हता." तीनदा बोलला. मी तिथेच उभी होते. जागा झाल्यावर मी काही विचारलं नाही. माझा धीर झाला नाही.

मी त्याच्याशी इतर पेशंटांसारखीच वागते. तेवढं मात्र लिहून ठेवते.


९ मार्च

तुमचं उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं. पण आता उत्तर येवो न येवो, हे तुम्हाला कळायलाच हवं.

औषधवाल्याला मरणाची भीती वाटत नाही, मरणानंतरची वाटते. दुपारी वॉर्ड शांत झाला की त्याची भीती सुरू होते. परवा मला विचारलं, "सिस्टर, नरकात उजेड असतो का हो?" मी म्हटलं, "मला काय माहीत, मी गेले नाही कधी." पोस्टमन शेजारून म्हणाले, "मी आधी जाणार आहे. पोचलो की पत्र टाकतो." सगळा वॉर्ड हसला. तो हसला नाही. आणि खरं सांगते, त्याच्या भीतीने मला जरा बरं वाटलं.

काल फादर त्याच्याजवळ तासभर बसले होते. ते आता म्हातारे झालेत, एका कानाने ऐकू येत नाही. माणूस पाप सांगायला लागला की चांगला कान पुढे करतात. त्यांच्यात काय बोलणं झालं ते त्यांनाच ठाऊक. पण ते गेल्यावर औषधवाल्याने मला बोलावलं. एका बाईला पत्र लिहायचं आहे, हात चालत नाही, लिहून द्याल का, म्हणाला. फादरांनी त्याला सांगितलं होतं, देव क्षमा करायला कधीचा तयार आहे, पण तू कुणाच्या तरी डोक्यावर ठेवलेला दगड अजून तिथेच आहे, आधी तो उचल.

मी वही घेतली. स्टुलावर बसले. खिडकीतून ऊन आत येत होतं आणि फरशी पुसणारी बाई बाहेर बादली आपटत होती.

तो सांगत गेला आणि मी लिहीत गेले. माझ्याच पेनाने, मलाच.

त्याने सांगितलं की दुकानात दोन मोठ्या बरण्या होत्या, दोन्हींतलं औषध तपकिरी. एक मुलांच्या तापाचं आणि दुसरं मोठ्या माणसांच्या वेदनेचं, झोप आणणारं, फार कडक. त्या दुपारी गर्दी होती आणि त्याने दुसऱ्या बरणीतून बाटली भरली. त्यातला एक चमचाही पाच वर्षांच्या मुलीला पुष्कळ होता.

इथे मी थांबले. त्याने विचारलं, "फार भरभर सांगतोय का?" मी म्हटलं, "नाही. सांगा."

पुढचं वाक्य त्याच्याच शब्दांत लिहिते, कारण ते मी त्याच्याच शब्दांत उतरवलं आहे: "बाई, चूक मला त्याच दिवशी संध्याकाळी सहा वाजता कळली."

सहा वाजता. बरण्या फडताळावर ठेवताना त्याच्या लक्षात आलं. आपलं घर चार गल्ल्या पलीकडे. धावत आला असता तर पाच मिनिटं. तो खुर्चीवर बसून राहिला. मुलीला अजून दिलं नसेल, दिलं असलं तरी उलटून पडलं असेल, सकाळी जाऊन बाटली बदलून आणू, असं मनाशी म्हणत. दुकान जाईल, तुरुंगात जावं लागेल, याची भीती वाटली. सकाळी आपल्याकडे सगळ्यांच्या आधी तोच आला होता, आठवतं? तपासतो म्हणून बाटली घेऊन गेला. आतलं औषध ओतून टाकलं, बरोबर औषध तेवढ्याच पातळीपर्यंत भरलं आणि पोलिसांना दिलं.

"तुमचा दोष नव्हता," त्याने शेवटी लिहायला सांगितलं. "तुम्ही किती चमचे दिले याने काही होत नव्हतं. मी हे एकोणीस वर्षं जाणून आहे."

मी खाली तारीख घातली. त्याने वेडीवाकडी सही केली. पत्ता माहीत नाही, म्हणाला, शोधता येईल का? मी म्हटलं, येईल.

मग त्याला दोन वाजताचं औषध दिलं आणि ड्यूटी संपल्यावर घरी आले.


१३ मार्च

मागच्या पत्रातली शेवटची ओळ खोटी आहे. म्हणजे औषध दिलं, पण दोन वाजता नाही.

मॉर्फिन कपाटात कुलपात असतं आणि किल्ली ज्या नर्सची ड्यूटी तिच्या खिशात. त्या दिवशी माझ्या खिशात होती. पत्र लिहून मी उठले, कपाटापाशी गेले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी राहिले. दोन वाजले. मी किल्ली काढली नाही.

दोन वाजून दहा मिनिटांनी त्याने हळूच हाक मारली. मी म्हटलं, येते. वीस मिनिटांनी त्याने हाक मारणं सोडलं आणि कॉटची पट्टी दोन्ही हातांनी धरली. पोस्टमननी घंटी वाजवली. मी म्हटलं, आले, आले. माझा आवाज रोजच्यासारखाच होता, हे मला ऐकू येत होतं. मी जागची हलले नाही. तो सहापासून पहाटेपर्यंत बसून राहिला होता ना, तर मीही बघते किती वेळ उभं राहवतं.

नरकाबद्दल आपण लहानपणापासून ऐकलं. आग, अंधार, दातओठ खाणं. पण तिथे कुणाला तरी किल्ली खिशात घालून उभं राहावं लागतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि त्या माणसाला बरं वाटतं, हेही नाही. मला बरं वाटत होतं. ते किती खोल आहे ते बघायला मी आत डोकावले आणि मला तळ दिसला नाही. चाळीस वर्षं तिथे उभी राहू शकले असते. मुंगीचं नावही तोवर मनातून निघून गेलं होतं. फक्त तो, घड्याळ आणि मी.

मग तो काहीतरी पुटपुटायला लागला. मला वाटलं शिव्या देतोय, म्हणून जवळ गेले. तो डोळे मिटून म्हणत होता, "बरोबर आहे. बरोबर आहे." मला नव्हे. कुणाला ते कळलं नाही. दोन वाजून चाळीस मिनिटांनी मी कपाट उघडलं. सुई दोनदा भरावी लागली.

त्याला झोप लागल्यावर मी इथल्या प्रमुख, मोठ्या मदर, यांच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. तो कोण, मी कोण, चाळीस मिनिटं. त्या ओरडल्या नाहीत. हात पुढे करून किल्ली मागून घेतली. म्हणाल्या, "हे नोंदवहीत तुझ्या अक्षरात लिही. कॉट आठवर तीन दिवस तू जायचं नाहीस. पुढे तुझं काय करायचं ते डॉक्टरांशी बोलून ठरवेन." मी उभी राहून लिहिलं. त्यांनी वाचलं, खाली सही केली आणि त्याच आवाजात विचारलं, "जेवलीस का?" मी नाही म्हटलं. त्यांनी स्वतःचा डबा माझ्यापुढे सरकवला. मी खाल्लं. खाताना मला रडू कोसळलं, कारण एकोणीस वर्षांत मला कुणी धड शिक्षाही केली नव्हती आणि धड जेवही म्हटलं नव्हतं.

कालचा चौथा दिवस. भेटीच्या वेळेत, चार वाजता, मी साध्या कपड्यांत गेले आणि पाहुण्यांच्या खुर्चीवर बसले. त्याने क्षणभर ओळखलं नाही. मग म्हणाला, "सिस्टर, आज सुट्टी?"

मी म्हटलं, "तुमचं पत्र पोचलं."

"सापडल्या त्या?"

"मीच ती."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग तोंड उघडलं. मी त्याला बोलू दिलं नाही, कारण मला माझं आधी सांगायचं होतं. त्या दिवशी औषधाला उशीर झाला तो गडबडीत झाला नव्हता, म्हटलं. मी मुद्दाम उभी होते. चाळीस मिनिटं. नोंदवहीत लिहिलं आहे, तुम्ही तक्रार करू शकता.

तो छताकडे बघू लागला. मग म्हणाला, "सहापासून पहाटे पाचपर्यंत अकरा तास होतात. तुम्ही चाळीस मिनिटांत थांबलात."

घरून निघताना दोन-चार वाक्यं जुळवून आणली होती, ती सगळी विरून गेली. मी खरं तेच सांगितलं. "मला तुम्हाला माफ करता येत नाहीये. मी प्रयत्न करून बघितला. पण तुम्ही नरकात जावं असं आता मला वाटत नाही. मी तिथे जाऊन आलेय."

त्याने डोळे मिटले. पाणी कानाकडे ओघळलं, मी पुसलं. ते नर्सचं काम, हात आपोआप जातो. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "तुमची मुलगी तिथे असेल ना? मी तिच्यासमोर कसा उभा राहू?"

"मलाही हेच वाटायचं," मी म्हटलं. "काल-परवापर्यंत."

"मग?"

"मला सांगितलंत तसंच सांगा. सहा वाजता कळलं, हेसुद्धा. पुढचं तिचं आणि देवाचं."

पोस्टमन पाठ करून झोपल्याचं सोंग घेऊन पडले होते. जाताना मी त्यांचं पांघरूण नीट केलं तर हळूच म्हणाले, "पोरी, मी चाळीस वर्षं पत्रं वाटली. असं पत्र नाही वाटलं."


२१ मार्च

ते गेले. आता 'तो' लिहवत नाही.

आधी कागदाचं सांगते. त्यांनी सगळी हकिगत पुन्हा, फादर आणि डॉक्टरांसमोर सांगितली. डॉक्टरांनी लिहून घेतली, तिघांच्या सह्या झाल्या. एक प्रत या पत्रासोबत आहे. तुम्हाला खाली मान घालायला लावायची म्हणून पाठवत नाही. मुंगीबद्दलचं खरं माझ्याइतकंच तुमचंही आहे, म्हणून पाठवते. मी डॉक्टरांना विचारलं, मी तीन चमचे दिले असतील तर? ते म्हणाले, पहिलाच पुरेसा होता, पुढचे मोजत बसू नका.

मोठ्या मदरनी मला कामावर ठेवलं आहे. वर्षभर किल्ली मिळणार नाही. ते योग्यच आहे.

आता त्या सकाळचं. साडेदहा वाजले असतील. आदल्या दुपारपासून ते बोलत नव्हते, श्वास लांब-लांब पडत होते. मी, मोठ्या मदर आणि फादर होतो. फादरांनी कपाळाला तेल लावून प्रार्थना संपवली होती. फरशी पुसणारी बाई त्यांच्या कॉटखालून पुसत होती, कारण मरण असलं तरी फरशी पुसावी लागते.

अचानक त्यांनी डोळे उघडले आणि पायथ्याकडे बघून, अगदी स्वच्छ आवाजात म्हणाले, "हो. मीच."

मग थांबले. कुणी पुढचं विचारत असावं आणि ते ऐकत असावेत, तसे.

"सहा वाजता."

पुन्हा थांबले.

"भीती वाटली म्हणून."

मॉर्फिनने माणसं बोलतात. हे मी नातेवाइकांना पन्नास वेळा समजावलं आहे, आणि उद्या कुणी विचारलं तर एक्कावन्नाव्यांदा समजावेन. पण मी आणखी एक सांगते. विचारणाऱ्याला घाई नव्हती. मला काहीही ऐकू आलं नाही, तरी हे मला कळत होतं, कारण उत्तर देणारा माणूस घाबरलेला नव्हता. इतके दिवस दुपार झाली की थरथरणारा तो माणूस एकेक उत्तर देत होता, काही न लपवता, काही न सावरता. पोस्टमन उशीवरून मान उचलून बघत होते.

मग खूप वेळ शांतता. मला वाटलं, संपलं. मी नाडी बघायला वाकले. तेवढ्यात त्यांचा चेहरा बदलला. मी चारशेच्या वर माणसं जाताना पाहिली आहेत. सुटका झालेले चेहरे पाहिलेत, विझलेले पाहिलेत. हा वेगळा होता. ज्या प्रश्नांची धास्ती घेतली होती ते विचारून झाले, आणि आता कुणी भलतंच काही म्हणावं, ध्यानीमनी नसलेलं, तसा. ते नवलाने म्हणाले, "मला?"

एवढंच. "मला?" आपलं नाव भलत्याच यादीत वाचलेल्या माणसासारखे. त्यानंतर ते रडले, आवाज न करता, आणि वीसेक मिनिटांनी श्वास थांबला.

मोठ्या मदर कधी गुडघ्यांवर बसल्या मला कळलं नाही. फरशीवाली बाई फडकं हातात तसंच धरून खाली बसली होती. मीही बसले. ओली फरशी होती, झगा भिजला. प्रार्थना म्हणून काही सुचलं नाही. एवढं मोठं काहीतरी इतक्या जवळून गेलं होतं की मान वर करायची हिंमत होईना. आणि मी तुम्हाला खोटं सांगणार नाही: माझ्यातला एक कोपरा म्हणत होता, हे न्याय्य नाही. अकरा तास. माझी मुलगी. आणि त्याच क्षणी मला हेही कळत होतं की एक अक्षरही लपवलेलं राहिलं नाही, मुंगीचा एक क्षणही कुणी सोडून दिला नाही, सगळं विचारलं गेलं. सगळं विचारल्यावर मग ते दुसरं आलं.

नंतर पायऱ्यांवर मी फादरांना विचारलं, ते कुठे गेले असतील? त्यांनी चांगला कान पुढे केला, मी पुन्हा विचारलं. ते म्हणाले, "ते माझ्या हातात असतं तर सांगितलं असतं. शुद्धिस्थानात असतील कदाचित, स्वर्गाच्या दाराबाहेर, पुष्कळ उजेड सोसायला शिकत." मग पायरीवर बसले. "पोरी, तरुणपणी मी नरकावर फार प्रवचनं केली. घसा बसेपर्यंत. आता मला भीती वाटते ती दयेची. ती कुठे थांबते ते मला या वयातही दिसलेलं नाही."


५ एप्रिल

तुमचं पत्र मिळालं. एकोणीस वर्षांनी तुमचं अक्षर पाहिलं. पहिल्यासारखंच डावीकडे झुकतं.

तुम्ही लिहिलंय ते मी माझ्या शब्दांत पुन्हा लिहिते, म्हणजे मला बरोबर कळलं की नाही ते तुम्हाला बघता येईल. त्या रात्री दहाच्या सुमारास खुर्चीत माझा डोळा लागला होता. मुंगीचं अंग तुम्हाला गरम लागलं. मी औषध द्यायला विसरले असं वाटून तुम्ही एक चमचा दिलात. मला उठवलं नाहीत, थकली आहे म्हणून. सकाळी तुम्हाला कळलं की आठचा मी दिला होता. कोर्टात मी "बहुतेक तीन" म्हणाले तेव्हा तुम्ही दुसऱ्या रांगेत बसला होता. तिसरा कुणाचा ते तिथे एकट्या तुम्हालाच माहीत होतं. तुम्ही उठला नाहीत. महिन्याभराने दारात उभं राहून किती दिलेस विचारलंत ते मला पकडायला नव्हे. मी दोनच म्हणावं आणि तुम्हाला कबूल करायला भाग पडावं, म्हणून. मी म्हटलं, आठवत नाही. मग तुमच्याने त्या घरात राहवलं नाही.

हे वाचल्यावर मी बाराही कॉटच्या चादरी बदलल्या, बदलायचा दिवस नसताना. पोस्टमन म्हणाले, "आज चादरींनी तुझं काय घोडं मारलंय?" मी म्हटलं, चादरींनी नाही. औषधवाल्यांवर आला नव्हता एवढा राग मला तुमच्यावर आला. ते परके होते. तुम्ही माझ्या शेजारी झोपत होता.

उत्तर न देता तुम्हाला ताटकळत ठेवणं मला सहज जमलं असतं. ते मला किती छान जमतं हे आता मला माहीत आहे. म्हणून आजच लिहिते.

तुमच्या चमच्याने काही झालं नाही. माझ्या दोन्हींनीही नाही असं म्हणणार होते, पण पहिला माझ्याच हातचा होता, आणि त्या बाटलीत काय आहे हे आपल्या दोघांनाही ठाऊक नव्हतं. हे तुम्ही नीट, दोनदा वाचा. त्या चमच्यासाठी तुम्ही एकोणीस वर्षं काढलीत, ती काढायची गरज नव्हती. गप्प बसलात, ते मात्र केलंत.

तुम्ही लिहिलंय, देव मला क्षमा करणार नाही, तूही करू नकोस. देवाचं देवाला ठरवू द्या, तो तुम्हाला विचारून ठरवत नाही. ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. माझं म्हणाल तर मला आज काही वचन देता येत नाही. पण पत्रातलं पुरणार नाही. मला ते तुमच्या तोंडून हवं आहे.

रविवारी मला सुट्टी असते. या. दुपारी, उजेडात. माझ्यासमोर खुर्चीवर बसा आणि सुरुवातीपासून सांगा. दहा वाजता काय झालं, दुसऱ्या रांगेत काय झालं. रडलात तरी चालेल, पण शेवटपर्यंत सांगा. मी मध्ये बोलणार नाही. त्यानंतर मी काय म्हणेन ते मला ठाऊक नाही, ठाऊक असल्याचं सोंगही करणार नाही.

सांगून झालं की चहा घेऊ आणि तिच्याकडे जाऊ. दफनभूमीचं जुनं फाटक बंद झालंय, आता मागच्या बाजूने जावं लागतं, आणि झाडंही खूप वाढली आहेत. तुम्हाला एकट्याला ती जागा सापडायची नाही.